दोन एसएमपीएस असूनही पीएलसी रीस्टार्ट होतो? चोवीस व्होल्टचा ऑटो चेंजओव्हर असा तपासा

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, टॉवेलच्या आणि प्रोसेसिंगच्या कारखान्यांतून एक फोन ठरलेला असतो. "दोन-दोन सप्लाय लावलेत, तरी मशीन बंद पडलं की ओ!" हा दोष मी इतक्या पॅनेलांत पाहिलाय आणि दुरुस्त केलाय, की एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवावं असं वाटलं. मेंटेनन्सवाल्या कुणालाही स्वतः करता येईल अशा स्वस्त तपासण्या आधी घेतल्या आहेत, खर्चाच्या आणि जोखमीच्या शेवटी.

आधी मांडणी काय असते ते पाहू. २४ व्होल्ट डीसीचे दोन एसएमपीएस (मेनच्या एसीचं डीसी करून देणारे सप्लाय) असतात, समजा १० अँपिअरचे. दोघांचे प्लस एका रिडंडन्सी मॉड्यूलमध्ये जातात. रिडंडन्सी म्हणजे एक सप्लाय गेला तरी दुसऱ्यावर चालावं ही सोय. त्यात प्रत्येकासाठी एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा डायोडचं काम करणारा मॉसफेट असतो. मॉड्यूलमधून एकच प्लस बाहेर येऊन पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), सेन्सर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हना जातो. इथे कुठलाही स्विच इकडून तिकडे पडत नाही. ज्याचं व्होल्टेज जास्त तो लोड उचलतो, तो पडला की दुसऱ्याचा डायोड आपोआप पुढे येतो आणि मधे खंड पडत नाही. म्हणून मांडणी नीट असेल तर एक सप्लाय बंद पडल्याचं मशीनला कळतसुद्धा नाही. घोटाळ्याचं मूळही नेमकं इथेच आहे, माणसालाही ते कळत नाही.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसतं ते असं: एका सप्लायचा एमसीबी (मेनचा छोटा ब्रेकर) पाडला किंवा एक फेज गेली की पीएलसी रीस्टार्ट होतो आणि एचएमआय पुन्हा सुरुवातीच्या पानावर येतो. कधी पीएलसी टिकतो, पण व्हॉल्व्ह सुटतात आणि रिले टकटक वाजत राहतात. कधी उरलेल्या सप्लायचा हिरवा दिवा एकेका सेकंदाने लुकलुकतो, म्हणजे तो चालू व्हायला बघतो आणि परत बसतो. काही पॅनेलांत दोन्ही सप्लाय एकदम बसतात, हे लक्षण वेगळं आहे, त्याचं कारणही वेगळं. काहींची तक्रार फक्त एप्रिल-मे महिन्यात, दुपारच्या शिफ्टला असते. आणि एक लक्षण तक्रार म्हणून कुणीच सांगत नाही: दोन्ही दिवे हिरवे असतात, पण एक सप्लाय हाताला चटका देतो आणि दुसरा गार असतो.

हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी. मशीन थांबवा, डाईंग मशीन असेल तर बॅच काढून घ्या, प्रेशर उतरू द्या. आणि एसएमपीएसचं कव्हर कुठल्याही कारणाने उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी किंवा त्याहून जास्त असतं आणि मेन काढल्यावरही ते काही वेळ टिकतं. पुढच्या सगळ्या तपासण्या बाहेरच्या टर्मिनलवर होतात.

पहिली तपासणी: डोळे आणि नाक

दार उघडून नुसतं बघा. दोन्ही सप्लायचे 'डीसी ओके' दिवे लागले आहेत का? चेंजओव्हर झाला नाही अशी तक्रार येते, तेव्हा बऱ्याचदा तो कधीच होऊन गेलेला असतो. पहिला सप्लाय काही महिन्यांपूर्वी मेला, दुसऱ्याने निमूट लोड घेतला, मशीन चालत राहिलं आणि कुणी पॅनेल उघडलं नाही. आज दुसरा बसला तेव्हा आपण म्हणतो रिडंडन्सी चालली नाही. ती चालली होती, तिचा निरोप कुणापर्यंत पोचला नाही.

मग सप्लायच्या वरच्या-खालच्या जाळ्या पाहा. टेरी टॉवेलच्या शेडमध्ये कापसाचा बारीक तंतू सगळीकडे उडतो. पॅनेलच्या फिल्टरवर त्याचा नमद्यासारखा थर बसतो आणि फॅन फिरत असूनही आत हवा येत नाही. फिल्टर काढून झटका, गरज पडली तर बदला. हा खर्च चहापाण्याएवढा असतो आणि उन्हाळी तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात. जळका किंवा मासळीसारखा वास येत असेल तर मात्र पुढे मोजमाप करत बसू नका, तो सप्लाय मेनवरून काढा.

दुसरी: चार ठिकाणी व्होल्टेज

साधा मल्टिमीटर डीसीवर ठेवून चार आकडे कागदावर लिहा: पहिल्या सप्लायचं आउटपुट, दुसऱ्याचं, मॉड्यूलचं आउटपुट, आणि पीएलसीच्या स्वतःच्या टर्मिनलवरचं.

समजा पहिला २४.८ दाखवतो, दुसरा २४.१, आणि मॉड्यूलनंतर २४.१ येतात. म्हणजे लोड एकटा पहिला ओढतोय आणि त्याच्या साध्या सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात. शॉट्की डायोडवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास पडतात, मॉसफेटच्या मॉड्यूलवर त्याहून खूपच कमी. मॉड्यूलनंतर आणि पीएलसीवर फरक जास्त असेल तर दोष सप्लायचा नाही, मधल्या वायरचा किंवा ढिल्या टर्मिनलचा आहे. पीएलसीला सर्वसाधारणपणे २०.४ ते २८.८ व्होल्ट चालतात, २४ च्या खाली १५ टक्के आणि वर २० टक्के. दोन्ही सप्लाय चालू असताना पीएलसीवर २२ दिसत असतील, तर एक पडल्यावर आपण काठावरच उभे आहोत.

दोन्ही सप्लायच्या व्होल्टेजमधला फरक मिटवायचा तर दोघांनाही लोडवरून सोडवून, पुढच्या छोट्या पॉटने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या स्क्रूने) ५० मिलिव्होल्टच्या आत सारखे करा. काही सप्लायवर 'पॅरलल' नावाचा छोटा स्विच किंवा जंपर असतो, तो त्या स्थितीत ठेवला की लोड बराच समान वाटला जातो. लोड समान वाटला नाही म्हणून चेंजओव्हर अडत नाही, हे लक्षात घ्या. पण एकट्यानेच राबणारा सप्लाय तापतो आणि लवकर म्हातारा होतो, म्हणून ही मेहनत.

पॉट फिरवून व्होल्टेज २७-२८ वर नेऊन ठेवलेलं बऱ्याच ठिकाणी सापडतं. तो उपाय नाही. २४० वॉटचा सप्लाय २४ व्होल्टला १० अँपिअर देतो, २८ व्होल्टला साधारण साडेआठच. वर सोलेनॉइडच्या कॉइल जास्त तापतात ते वेगळंच.

तिसरी: एकटा सप्लाय पुरतो का?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून ही तपासणी कधीही सोडू नका.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. साधा एसीचा क्लॅम्प इथे शून्यच दाखवेल. मॉड्यूलनंतरच्या प्लस वायरला क्लॅम्प लावा आणि मशीनचे जास्तीत जास्त व्हॉल्व्ह, दिवे, रिले एकाच वेळी चालू असतील अशी स्थिती आणा. रिकाम्या उभ्या मशीनवर घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही.

आता हिशेब. दोन १० अँपिअरचे सप्लाय आहेत आणि लोड निघाला १२.५ अँपिअर. दोन्ही चालू असताना प्रत्येकी सव्वासहा, सगळं गार, सगळं हिरवं. एक पडला की दुसऱ्यावर एकदम साडेबारा येतात. तो एक तर व्होल्टेज खाली सोडतो किंवा स्वतःला वाचवायला बंद होऊन पुन्हा चालू व्हायला बघतो. तोच तो लुकलुकणारा दिवा. अशा पॅनेलमध्ये रिडंडन्सी नाहीच, तिथे दोन सप्लाय मिळून एक मोठा सप्लाय झाला आहे, आणि दोघांपैकी कुणीही गेला तरी मशीन थांबणार. पैसे दोन सप्लायचे गेले आणि बंद पडण्याची शक्यता उलट वाढली.

मूळ पॅनेल बनवणाऱ्याने हिशेब बरोबरच केलेला असतो. नंतर कुणी दोन व्हॉल्व्ह वाढवले, मोठा एचएमआय आला, काउंटरचा डिस्प्ले, मोबाईल सिमचा मोडेम, दाराजवळची एलईडी पट्टी, सगळं त्याच चोवीस व्होल्टवरून घेतलं गेलं. प्रत्येक वेळी "एवढंसंच तर आहे" म्हणून घेतलेलं. क्लॅम्प मीटरवर त्याची बेरीज दिसते.

त्यात सोलापूरचा उन्हाळा धरा. बाहेर पारा ४२-४३ ला गेला की पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलमध्ये साठ अंश सहज होतात. पुष्कळ डीआयएन रेल (पॅनेलमधल्या पट्टीवर बसणारे) सप्लाय ५० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमता देतात. त्यानंतर दर अंशामागे क्षमता उतरते, कितीने ते सप्लायच्या माहितीपत्रकातल्या आलेखात असतं. बऱ्याच मॉडेलांत अंशाला अडीच टक्के असते, म्हणजे साठ अंशांना १० अँपिअरचा सप्लाय साडेसातचाच उरतो. म्हणून जानेवारीत पास झालेला पॅनेल मे महिन्यात दुपारी तीनला नापास होतो. माझा नियम साधा आहे: जास्तीत जास्त लोड एका सप्लायच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आत हवा. नसेल तर ज्याला रिडंडन्सीची गरज नाही ते, म्हणजे पॅनेलचे दिवे, डिस्प्ले वगैरे, वेगळ्या स्वस्त सप्लायवर काढा. नवा मोठा सप्लाय घेण्याआधी हे करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

चौथी: इनपुट कुठून येतंय

दोन्ही सप्लायच्या फेजच्या वायरी हाताने मागे शोधत जा. दोन्ही एकाच एमसीबीवर असतील तर तो पडला की दोन्ही गेले, मग डायोड काय करणार? प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, शक्यतो वेगळी फेज, आणि युपीएस असेल तर एक सप्लाय युपीएसवर आणि एक थेट लाइनवर ठेवा. दोन्ही युपीएसवर असतील तर युपीएस बिघडल्या दिवशी काही हातात उरत नाही.

वेगळ्या फेज देताना न्यूट्रलकडे नीट लक्ष द्या, हे कळकळीने सांगतो. दोन फेजवरच्या दोन सप्लायना एकच सामाईक न्यूट्रल लूप करून दिला आणि तो मागे कुठे सुटला, तर दोन्ही सप्लाय चारशे व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. व्होल्टेज दोघांत असमान वाटलं जातं आणि एक किंवा दोन्ही जळतात. प्रत्येक सप्लायचा न्यूट्रल वितरणाच्या बसबारपासून वेगळा आणा.

पाचवी: मायनसची वायर

प्लसकडे सगळे बघतात, डायोड तिकडे असतो म्हणून. मायनस बहुतेक वेळा पहिल्या सप्लायच्या टर्मिनलवरून दुसऱ्याकडे आणि तिथून पुढे लोडला उडी मारत गेलेला असतो. एका टर्मिनलमध्ये दोन-तीन वायरी कोंबलेल्या, त्यातली एक फेरूल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) न घालता. सप्लाय बदलायला ती वायर काढली की सगळ्या लोडचा परतीचा रस्ताच तुटतो आणि चालू मशीन बसतं. स्क्रू तापून ढिला झाला तरी तेच. मशीन आणि मेन बंद करून प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. मग दोन्ही सप्लायचे मायनस वेगवेगळ्या वायरीने एका सामाईक पट्टीवर आणा आणि लोड त्या पट्टीवरून द्या. खर्च म्हणाल तर दोन वायरी आणि चार फेरूल.

सहावी: डायोड खरंच डायोड आहे का

आता एकेक सप्लाय पाडून बघायचं. मशीन थांबलेलंच असू द्या, पीएलसी मात्र चालू. पहिल्याचा एसी एमसीबी पाडा आणि त्याच सप्लायच्या आउटपुट टर्मिनलवर मीटर धरा. आकडा हळूहळू शून्याकडे उतरला पाहिजे. तो बसच्या, म्हणजे मॉड्यूलनंतरच्या सामाईक प्लसच्या, जवळपास, समजा २३.९ वर, तसाच उभा राहिला तर त्या बाजूचा डायोड शॉर्ट झाला आहे आणि चालू सप्लाय बंद सप्लायला उलटं पोसतोय. उद्या त्या बंद सप्लायचा आउटपुट कपॅसिटर शॉर्ट झाला तर तो दोघांनाही खाली ओढेल. उच्च प्रतिकाराच्या मीटरवर मॉसफेटच्या मॉड्यूलमधून एक-दोन व्होल्टची गळती दिसू शकते, तिला घाबरू नका.

हेच दुसऱ्या बाजूने करा. एका बाजूला एमसीबी पाडल्यावर पीएलसी लगेच गेला, आणि लोड व मायनस आधीच तपासून झाले आहेत, तर उरलेल्या सप्लायच्या बाजूचा डायोड ओपन आहे. मॉड्यूल बदला, उघडून डायोड टाकत बसू नका.

कित्येक पॅनेलांत मॉड्यूलच नसतं, दोन्ही सप्लायचे प्लस थेट एका टर्मिनलवर बांधलेले असतात. त्याचा आणखी एक तोटा आहे. मेलेल्या सप्लायच्या आउटपुटवर दुसऱ्याचं व्होल्टेज येत राहतं, त्यामुळे त्याचा 'डीसी ओके' संपर्क (अलार्मसाठीचा छोटा रिले) पडतच नाही आणि अलार्म येत नाही. आउटपुटला आतूनच डायोड असलेले सप्लाय मिळतात, ते सोडून बाकी सगळ्यांना मॉड्यूल लावाच.

दोन्ही एकदम बसत असतील तर

इनपुट वेगळे आहेत आणि तरी दोन्ही बसतात, तर लोडच्या बाजूला शॉर्ट आहे. घासलेली प्रॉक्सीची (जवळ आलेली वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरची) केबल, पाणी शिरलेला व्हॉल्व्हचा कनेक्टर. रिडंडन्सी इथे मदत करू शकत नाही, शॉर्ट दोघांनाही सारखाच आहे. लोकांना प्रश्न पडतो की एमसीबी का पडला नाही. १० अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या पाच-दहा पट करंट लागतो, डीसीवर आणखी थोडा जास्त. एसएमपीएस तेवढा करंट देतच नाही, त्याआधी स्वतः मान टाकतो. म्हणून शाखा वेगळ्या करा आणि प्रत्येकीला छोटा फ्यूज किंवा इलेक्ट्रॉनिक ब्रेकर द्या, पीएलसीची शाखा अगदी स्वतंत्र. शोधताना सगळ्या शाखा काढून एकेक लावत जा, जी लावल्यावर बसचं व्होल्टेज पडतं ती दोषी.

रिलेचा चेंजओव्हर असेल तर

जुन्या पॅनेलांत डायोडऐवजी रिले असतो: पहिल्याचं व्होल्टेज गेलं की रिले सुटून दुसऱ्यावर जातो. एक संपर्क सुटून दुसरा लागेपर्यंत दहा-वीस मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात काही पीएलसी रीस्टार्ट होतात. शिवाय ओव्हरलोडमुळे पडलेला पहिला सप्लाय लोड सुटताच सावरतो, रिले परत त्याच्यावर येतो, तो परत पडतो. रिले वाजत राहतो आणि संपर्क जळतात. अशा रिलेची दुरुस्ती करण्यात मला अर्थ वाटत नाही. डायोडचं मॉड्यूल लावा, विषय संपतो.

शेवटी सप्लायचं वय

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी लोड आला की व्होल्टेज डळमळतं, तर कपॅसिटर सुकले आहेत. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे तापत्या शेडमधला सप्लाय माहितीपत्रकातली वर्षं काढत नाही. मल्टिमीटरच्या एसी रेंजवर रिपलचा (डीसीवरच्या चढउताराचा) अंदाज येतो, पण वरच्या फ्रिक्वेन्सीचा रिपल त्याला दिसत नाही, ऑसिलोस्कोपच लागतो. सप्लाय बदलताना दोन्ही एकाच दिवशी, एकाच लॉटचे बसवू नका. एकाच उन्हात एकाच वयाचे दोघे जवळजवळ एकदमच थकतात. एक आज बदला आणि दुसरा पुढच्या वर्षी.

दुरुस्ती झाली की 'डीसी ओके'च्या दोन्ही संपर्कांच्या वायरी पीएलसीच्या दोन वेगळ्या इनपुटला आणा आणि एचएमआयवर ठळक संदेश लावा: "सप्लाय १ बंद". त्याशिवाय पॅनेल बंद करू नका. मग वर्षातून दोनदा एकेक एमसीबी पाडून बघा. आमच्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुटीत एकदा आणि उन्हाळा चढायच्या आत मार्चमध्ये एकदा, असं ठरलेलं आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एसी एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर तिसऱ्यांदा वर करू नका. न्यूट्रल सुटल्याची शंका असेल, सप्लायच्या बॉडीला शॉक लागत असेल, टर्मिनल वितळलेलं असेल, तर मेन बंद करून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. वितरण पॅनेलमधलं काम त्याचंच आहे. बॉयलरचं बर्नर कंट्रोल, फायर अलार्म, लिफ्ट, हॉस्पिटलची उपकरणं यांच्या चोवीस व्होल्टवर एमसीबी पाडून बघण्याचा प्रयोग स्वतः करायचाच नाही, तिथे त्या यंत्रणेचाच अधिकृत माणूस हवा. इमर्जन्सी स्टॉप किंवा सेफ्टी रिले याच बसवर असेल तर वायरिंग बदलण्याआधी मशीन बनवणाऱ्याला विचारा. आणि पाच-दहा मिलिसेकंदांचा खड्डा पकडायचा असेल तर ऑसिलोस्कोप असलेला माणूसच लागतो, मल्टिमीटरने तो सापडत नाही.

त्याला बोलावताना हे हाताशी ठेवा: चार ठिकाणची व्होल्टेज, पूर्ण चालू लोडचा अँपिअर, एकेक सप्लाय पाडल्यावर काय झालं, पॅनेलमधलं तापमान, आणि तक्रार दिवसाच्या कुठल्या वेळी येते ते. एवढं मिळालं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं अर्ध्या दिवसाचं बिलही.